कंपने, स्थिर तरंग आणि द्रव्याचे पर्यायी सिद्धांत : भोवरा-अणूपासून तरंग-समीकरणापर्यंत

प्रस्तावना

द्रव्याचे अंतिम स्वरूप काय, या प्रश्नाचा विचार करताना भौतिकशास्त्राने दोन प्रतिमांचा आश्रय वारंवार घेतला आहे. एक प्रतिमा कठीण, अविभाज्य कणाची आहे, तर दुसरी कंप पावणाऱ्या माध्यमाची. कण ही स्वतंत्र वस्तू नसून कुठल्याशा अखंड माध्यमातील टिकून राहिलेले कंपन आहे, हा विचार दीडशे वर्षांत अनेकदा नव्या वेषात पुढे आला. 'विश्वातील सर्व काही कंपन आहे' या वाक्याच्या रूपाने तो आज व्याख्यानांतून, आरोग्यविषयक जाहिरातींतून आणि विद्यार्थ्यांच्या प्रश्नांतूनही भेटतो. त्यातील कोणता भाग सिद्ध भौतिकशास्त्र आहे आणि कोणता भाग केवळ उपमा आहे, हे वर्गात सांगण्याची जबाबदारी अध्यापकावर येते. हा विचार कोणकोणत्या कसोट्यांवर उतरला व कोठे अडला, याचे विवेचन प्रस्तुत लेखात करण्यात येत आहे.

स्थिर तरंग आणि पूर्णांक

ताणलेली तार छेडली असता तिच्यातून दोन्ही दिशांनी तरंग जातात, बद्ध टोकांवरून परावर्तित होतात आणि त्यांच्या अध्यारोपणातून स्थिर तरंग तयार होतो. तारेवरील काही बिंदू मुळीच हलत नाहीत. त्यांना निस्पंद बिंदू म्हणतात. टोके बद्ध असल्यामुळे तारेच्या लांबीत अर्ध्या तरंगलांबीच्या पूर्ण पटीच बसू शकतात. एक अर्धी तरंगलांबी बसेल, दोन बसतील, तीन बसतील. अडीच बसणार नाहीत. तार अखंड आहे, तिचे गणितही अखंड राशींचे आहे, तरीही केवळ सीमा अटींमुळे त्यात पूर्णांक शिरतो. पुढील सर्व विवेचनाचे बीज या एका गोष्टीत आहे. जर्मन भौतिकशास्त्रज्ञ फ्रान्झ मेल्डे यांनी १८५९-६० च्या सुमारास नादकाटा व दोरा यांच्या साहाय्याने हे दाखवून दिले. त्यांचा प्रयोग आजही पदवी वर्गाच्या प्रयोगवहीत असतो. मात्र तो ध्वनी या प्रकरणापुरता उरतो आणि त्याचा अणूशी असलेला संबंध बहुधा सांगितला जात नाही.

तारेच्या बाबतीत कंप्रता १ : २ : ३ अशा सरळ प्रमाणात वाढतात म्हणून तिचा नाद सुरेल वाटतो. परंतु कंप पावणाऱ्या प्रत्येक वस्तूचे असे नसते. एकसारख्या जाडीच्या गोल पडद्याच्या पहिल्या चार कंप्रतांचे प्रमाण सुमारे १ : १.५९ : २.१४ : २.३० असे येते. त्यामुळे साध्या ढोलाला निश्चित स्वर नसतो. तबला व मृदंग यांना तो कसा लाभतो, याचा शोध सी. व्ही. रामन यांनी कोलकाता येथे घेतला. १९२० मध्ये शिवकाली कुमार यांच्यासह 'नेचर'मध्ये आणि १९३४ मध्ये सविस्तर निबंधात त्यांनी दाखविले की पुडीच्या मध्यभागी बसविलेल्या शाईच्या वजनामुळे पडद्याची नऊ कंपने पाच सुरेल गटांत जुळून येतात. पडद्यावर पसरलेल्या बारीक वाळूच्या आकृत्यांवरून त्यांनी निस्पंद रेषा निश्चित केल्या. या संशोधनाचे सांगीतिक मोल निर्विवाद आहे, पण येथे त्यातील दुसरा मुद्दा महत्त्वाचा आहे. कंप्रतांची मालिका ही त्या वस्तूची जणू सही असते. मालिका मोजली की आत काय कंप पावत असावे याचा अंदाज बांधता येतो, आणि तो अंदाज चुकीचा असेल तर आकडेच तसे सांगतात.

केल्विन यांचा भोवरा-अणू

१८५८ मध्ये हेल्महोल्ट्झ यांनी घर्षणरहित द्रायूतील भोवऱ्यांविषयीची प्रमेये सिद्ध केली. अशा आदर्श द्रायूत भोवरा निर्माण करता येत नाही व नष्टही करता येत नाही. तो सदैव त्याच द्रायुकणांचा बनलेला राहतो. १८६७ च्या आरंभी पीटर गथ्री टेट यांनी एडिंबरो येथे धुराच्या वलयांचे प्रयोग करून दाखविले. पेटीच्या एका बाजूस गोल छिद्र, विरुद्ध बाजूस ताणलेला पडदा आणि आत रासायनिक धूर अशी ती साधी रचना होती. पडद्यावर थाप मारताच छिद्रातून वलय बाहेर पडे. दोन वलये एकमेकांवर आदळली की फुटत नसत. रबरी कड्यांप्रमाणे थरथरत दूर जात.

त्यांचे मित्र विल्यम टॉमसन, म्हणजेच पुढचे लॉर्ड केल्विन, हे पाहून फार प्रभावित झाले. त्याच वर्षी १८ फेब्रुवारीस त्यांनी एडिंबरोच्या रॉयल सोसायटीपुढे आपला भोवरा-अणूचा सिद्धांत मांडला. सर्व अवकाश व्यापणारा ईथर हा आदर्श द्रायू आहे आणि अणू म्हणजे त्यातील भोवऱ्याचे वलय, असा त्याचा आशय होता. एकाच कल्पनेतून किती गोष्टी साधत होत्या, हे पाहिले म्हणजे तिचे आकर्षण ध्यानात येते. हेल्महोल्ट्झ यांच्या प्रमेयामुळे अणू अविनाशी ठरत होता. वलयाला निरनिराळ्या गाठी मारता येतात, म्हणून मूलद्रव्यांची विविधता समजत होती. आणि वलय थरथरते, त्यामुळे प्रत्येक मूलद्रव्याचा वर्णपट ठरावीक रेषांचाच का असतो, यालाही कारण मिळत होते. सोडियमच्या पिवळ्या प्रकाशात ५८९.० आणि ५८९.६ नॅनोमीटर तरंगलांबीच्या दोन निकटच्या रेषा आहेत; तेव्हा सोडियमचा अणू साखळीच्या दोन दुव्यांसारख्या परस्परांत अडकलेल्या दोन वलयांचा असावा, असे केल्विन यांनी सुचविले.

हा सिद्धांत हौशी कल्पनाविलास नव्हता, हे आवर्जून नोंदविले पाहिजे. मॅक्सवेल यांनी १८७५ मध्ये 'एन्सायक्लोपीडिया ब्रिटानिका'साठी लिहिलेल्या 'अणू' या नोंदीत त्याची गंभीर दखल घेतली आणि त्याचा मोठा गुण सांगितला : एकदा द्रायूला गती दिली की पुढे काहीही मनाप्रमाणे जोडता येत नाही, सारे गणितातूनच निघावे लागते. मात्र अशा वलयातून वस्तुमान कसे निष्पन्न होते हे स्पष्ट करणे अवघड आहे, हेही त्यांनी दाखवून दिले. पुढे इलेक्ट्रॉनचा शोध लावणारे जे. जे. टॉमसन यांना १८८२ चे ॲडम्स पारितोषिक भोवरा-वलयांच्या गतीवरील निबंधासाठीच मिळाले होते.

सिद्धांत खचला तो मॅक्सवेल यांनी गौरविलेल्या गुणामुळेच. गणितातून सारे निघायला हवे होते आणि ते निघत नव्हते. कोणत्याही एका मूलद्रव्याच्या वर्णरेषांच्या कंप्रता भोवऱ्याच्या गणितातून कोणालाच काढता आल्या नाहीत. वलयाचे स्थैर्य सिद्ध करण्याचे केल्विन यांचे प्रयत्नही निष्फळ ठरले आणि अखेर ते मूलतः अस्थिर आहे असे त्यांना मान्य करावे लागले. सोडियमच्या जोडरेषेचे खरे कारण १९२५ नंतर समजले. ते दोन वलयांत नसून बाहेरच्या एकाच इलेक्ट्रॉनच्या परिवलनात आहे.

वीस, सत्तावीस, बत्तीस

अणूचा आतील आकार बाजूला ठेवून केवळ त्याच्या 'स्वरां'चा अभ्यास करण्याचा एक प्रयत्न याच काळात झाला. तो आज विस्मृतीत गेला असला तरी अध्यापनाच्या दृष्टीने फार बोलका आहे. आयरिश भौतिकशास्त्रज्ञ जॉर्ज जॉन्स्टन स्टोनी (इलेक्ट्रॉन हे नाव पुढे १८९१ मध्ये त्यांनीच सुचविले) यांनी १८७१ मध्ये हायड्रोजनच्या रेषांची तुलना केली. ६५६.३, ४८६.१ व ४१०.२ नॅनोमीटर या तीन रेषांच्या कंप्रतांचे प्रमाण २० : २७ : ३२ असे अगदी नेमके येते. तेव्हा या रेषा एकाच मूळ कंपनाच्या विसाव्या, सत्ताविसाव्या आणि बत्तिसाव्या पटी आहेत, असा निष्कर्ष त्यांनी काढला. अणू तारेप्रमाणे गातो, याचा याहून चांगला पुरावा त्या वेळी कोणता वाटला असता? परंतु हायड्रोजनची ४३४.० नॅनोमीटरची रेषा या हिशेबात ३०.२४ व्या स्थानी येते आणि पूर्णांकांच्या पंक्तीत बसत नाही.

१८८१ मध्ये आर्थर शुस्टर यांनी अशा प्रमाणांची संभाव्यतेच्या नियमांनी छाननी केली. पुष्कळ रेषा हाताशी असल्या की त्यांत काही जुळणारी प्रमाणे योगायोगानेही सापडतात आणि प्रत्यक्षात सापडलेली प्रमाणे तेवढीच आहेत, असे त्यांनी दाखविले. पर्यायी सिद्धांतांचे परीक्षण करू इच्छिणाऱ्याने शुस्टर यांची ही पद्धत अवश्य ध्यानी घ्यावी.

खरे उत्तर १८८५ मध्ये बाझेल येथील शाळाशिक्षक योहान बाल्मर यांच्याकडून आले. त्यांचे सूत्र आजच्या रूपात मांडायचे तर हायड्रोजनच्या दृश्य रेषांच्या कंप्रता १/४ मधून १/९, १/१६, १/२५ आणि १/३६ वजा करून मिळणाऱ्या संख्यांच्या प्रमाणात असतात. या वजाबाक्या अनुक्रमे ५/३६, ३/१६, २१/१०० आणि २/९ येतात. त्यांना १४४ ने गुणले की २०, २७, ३०.२४ आणि ३२ मिळतात. स्टोनी यांचे पूर्णांक कोठून आले ते येथे उघड होते : ३, ४ आणि ६ या तिन्ही संख्यांनी बाराला भाग जातो, पाचाने जात नाही. तीन दशांश स्थळांपर्यंत जुळणारे प्रमाण हे तारेचे लक्षण नव्हते, वर्गसंख्यांच्या वजाबाकीचा तो आनुषंगिक परिणाम होता. हे उदाहरण फळ्यावर सोडवायला पाच मिनिटे पुरतात.

बाल्मर यांच्या मालिकेत आणखी दोन अडचणी दडलेल्या होत्या. तारेचे वरचे स्वर अमर्याद चढत जातात. हायड्रोजनच्या रेषा मात्र एकमेकींच्या जवळ येत ३६४.६ नॅनोमीटरच्या मर्यादेशी साचतात. दुसरी अडचण अधिक खोल होती. वॉल्टर रिट्झ यांनी १९०८ मध्ये मांडलेल्या तत्त्वानुसार प्रत्येक वर्णरेषेची कंप्रता म्हणजे दोन पदांमधील फरक असतो. घंटा, तार, पुडी किंवा भोवरा आपल्या कंप्रता देईल, त्यांच्या पटी देईल. निव्वळ फरकांचीच यादी तो देत नाही. अणू ही लहानशी घंटा आहे या कल्पनेला खरा धक्का येथे बसला.

तरंग परतला, पण कशाचा?

१९१३ मध्ये बोर यांनी ही पदे म्हणजे ऊर्जेच्या पातळ्या असे सांगितले; परंतु पातळ्या ठरावीकच का, याचे उत्तर त्यांच्यापाशी नव्हते. १९२४ च्या प्रबंधात लुई डी ब्रॉग्ली यांनी गतिमान कणाशी तरंग निगडित असून त्याची तरंगलांबी म्हणजे प्लांक स्थिरांक भागिले संवेग, असे प्रतिपादन केले. इलेक्ट्रॉनच्या कक्षेच्या परिघावर पूर्ण तरंगलांब्या बसल्या पाहिजेत असे मानले की बोर यांची अट आपोआप मिळते. १९२७ मध्ये डेव्हिसन व जर्मर यांनी निकेलच्या स्फटिकावरून ५४ इलेक्ट्रॉन व्होल्ट ऊर्जेच्या इलेक्ट्रॉनांचे विवर्तन मोजले. मोजलेली तरंगलांबी १.६५ अँगस्ट्रॉम होती, तर सूत्रानुसार ती १.६७ येते.

पाठ्यपुस्तकांत वर्तुळाकार कक्षेभोवती काढलेली नागमोडी रेषा याच टप्प्यावरची आहे. ती आकृती दाखविताना सावधगिरी हवी. त्या चित्रानुसार हायड्रोजनच्या नीचतम पातळीत कोनीय संवेग शून्य असू शकत नाही. प्रत्यक्षात तो शून्यच असतो. नीचतम पातळीतील तरंग कक्षेभोवती फिरत नाही, तो गोलाकार असून केंद्रापासून दूर जाताना विरत जातो. पायरी म्हणून ते चित्र ठीक आहे, अणूचे चित्र म्हणून चूक आहे.

१९२६ च्या जानेवारीत श्रोडिंगर यांनी आपले समीकरण मांडले. पहिल्याच निबंधात त्यांनी स्पष्ट केले की पुंजांचे पूर्णांक येथे वरून लादावे लागत नाहीत. कंप पावणाऱ्या तारेवरील निस्पंद बिंदूंची संख्या जितक्या स्वाभाविकपणे पूर्णांक असते, तितक्याच स्वाभाविकपणे ते अवतरतात. रिट्झ यांच्या फरकांनाही जागा मिळाली : दोन पातळ्यांच्या कंपनांचे विस्पंद म्हणजे वर्णरेषेची कंप्रता, असे त्यांनी सुचविले. केल्विन यांची आशा साठ वर्षांनी फळास आली, असे कोणालाही वाटले असते.

तथापि कंप पावणारी वस्तू कोणती, हा प्रश्न शिल्लक होता. इलेक्ट्रॉनचा विद्युत्‌भारच तरंगाच्या रूपाने पसरलेला आहे, असे मानण्याकडे श्रोडिंगर यांचा कल होता. वयोवृद्ध लोरेंट्झ यांनी त्याच वर्षी मे महिन्यात त्यांना लिहिलेल्या पत्रात या मताच्या अडचणी मांडल्या. मोकळ्या कणाचा तरंगसमूह काळाबरोबर पसरत जातो, मग कण कण कसा राहतो? आणि एकाहून अधिक इलेक्ट्रॉन असले की तरंग आपल्या त्रिमितीय अवकाशात राहतच नाही. हेलियमच्या दोन इलेक्ट्रॉनांचे तरंग फलन सहा निर्देशकांचे असते, लिथियमचे नऊ निर्देशकांचे. सहा मितींत डोलणारे ईथर कोणी कल्पिले नव्हते. मॅक्स बॉर्न यांनी त्याच वर्षी तरंग फलनाच्या वर्गाचा अर्थ कण सापडण्याची संभाव्यता असा लावला आणि तोच प्रचलित झाला. पुंजयामिकीच्या अर्थाविषयीचे मतभेद त्यानंतरही संपलेले नाहीत. डी ब्रॉग्ली यांनी १९२७ मध्ये सुचविलेला आणि डेव्हिड बोम यांनी १९५२ मध्ये विकसित केलेला 'मार्गदर्शक तरंगा'चा अर्थ आजही अभ्यासला जातो. तो पर्याय म्हणून टिकला याचे कारण इतकेच की प्रयोगात मिळणारे आकडे तो प्रचलित सिद्धांताइतकेच अचूक देतो.

गणित तेच असून भौतिक अर्थ वेगळा असणे म्हणजे काय, हे १९९३ च्या एका प्रयोगात डोळ्यांना दिसते. आयबीएमच्या अल्माडेन प्रयोगशाळेत क्रॉमी, लुट्झ आणि आयग्लर यांनी तांब्याच्या अतिथंड पृष्ठभागावर लोहाचे ४८ अणू ७.१३ नॅनोमीटर त्रिज्येच्या वर्तुळात मांडले. आतील इलेक्ट्रॉनांचे स्थिर तरंग सूक्ष्मदर्शकात एककेंद्री वलयांच्या रूपाने दिसले. गोल कुंपणातील इलेक्ट्रॉनच्या पातळ्या ज्या बेसेल फलनांनी मिळतात, त्याच फलनांनी गोल पडद्याची कंपने मिळतात. मात्र पडद्यात कंप्रता १ : १.५९ : २.१४ या प्रमाणात येतात, तर इलेक्ट्रॉनच्या ऊर्जा या संख्यांच्या वर्गाच्या प्रमाणात, म्हणजे सुमारे १ : २.५४ : ४.५६ अशा असतात. आकृती ढोलाची आहे, हिशेब ढोलाचा नाही.

अलीकडील पर्यायी मांडण्या

इलेक्ट्रॉन म्हणजे अवकाशातील आत येणाऱ्या व बाहेर जाणाऱ्या गोलाकार तरंगांचा मिळून झालेला स्थिर तरंग, ही अमेरिकेतील मिलो वुल्फ यांची मांडणी गेल्या काही दशकांत बरीच पसरली. तिचे आकर्षण केल्विन यांच्या वलयासारखेच आहे : एकच माध्यम, एकच गती, आणि कण ही वेगळी वस्तू उरतच नाही. तिची एक सोपी परीक्षा पदवीच्या विद्यार्थ्यालाही घेता येते. अशा तरंगाचा परमप्रसर अंतराच्या व्यस्त प्रमाणात घटतो, म्हणून ऊर्जेची घनता अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटते. पण गोलाकार थराचे घनफळ अंतराच्या वर्गानेच वाढते. म्हणजे प्रत्येक थरात सरासरी सारखीच ऊर्जा येते आणि थर तर अनंत आहेत. एका इलेक्ट्रॉनची एकूण ऊर्जा अमर्याद निघते. अणूतील श्रोडिंगर-तरंग दूरवर झपाट्याने विरतो, म्हणून तेथे हा दोष उद्भवत नाही.

त्याहून कठोर कसोटी इलेक्ट्रॉनच्या चुंबकीय परिबलाची आहे. २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मापनानुसार ते बोर मॅग्नेटॉनच्या १.००११५९६५२१८०५९ पट आहे. त्यात अनिश्चितता आहे ती केवळ शेवटच्या दोन अंकांत. प्रचलित पुंज-विद्युत्‌गतिकी हा आकडा सुमारे बारा अंकांपर्यंत अगोदर सांगते. गोलाकार स्थिर तरंगाच्या मांडणीला पर्याय म्हणवून घ्यायचे असेल तर तिने यातील चौथा-पाचवा अंक तरी काढून दाखवावा. तसा तो अद्याप दाखविला गेलेला नाही.

सर्वच पर्यायांना एका मापाने मोजणे अन्यायाचे होईल. पॅरिस येथे ईव्ह कुदे व त्यांच्या सहकाऱ्यांनी २००५ पासून थरथरत्या सिलिकॉन तेलावर उसळत चालणाऱ्या थेंबांचा अभ्यास केला. थेंब आपल्याच लाटांवर स्वार होऊन चालतो आणि काही बाबतींत पुंजकणासारखा वागतो. २००६ मध्ये दोन फटींतून जाणाऱ्या थेंबांचा व्यतिकरणसदृश आकृतिबंध त्यांनी नोंदविला. २०१५ मध्ये डेन्मार्कमधील गटाने प्रयोग पुन्हा केला तेव्हा तसा आकृतिबंध मिळाला नाही. यामुळे थेंबांचे संशोधन व्यर्थ ठरले नाही, त्यातून द्रायुगतिकीला पुष्कळ लाभ झाला. पण पुंजयामिकीचे स्पष्टीकरण म्हणून त्याचा दावा खूपच मर्यादित झाला.

तंतू सिद्धांताचा उल्लेख येथे अपरिहार्य आहे, कारण 'सर्व काही कंपन' म्हणणारे बहुधा त्याचाच दाखला देतात. मूलकण म्हणजे सुमारे दहाचा उणे पस्तिसावा घात मीटर लांबीच्या तंतूंची निरनिराळी कंपने, ही कल्पना गणिती दृष्ट्या समृद्ध आहे. १९७० च्या सुमारास ती सुचविली गेली, तेव्हापासून आजवर तिला प्रयोगाचा थेट आधार मिळालेला नाही. विद्यार्थ्यांसमोर तिची मांडणी याच स्थितीसह व्हावी.

भोवरा-अणूचे उत्तरायुष्य

केल्विन यांच्या सिद्धांतातून एक शाखा मात्र बहरली. मूलद्रव्यांची यादी गाठींतून मिळेल या आशेने टेट यांनी १८७६ पासून गाठींचे वर्गीकरण सुरू केले. कर्कमन आणि लिटल यांच्या साहाय्याने ते दहा छेदांच्या गाठींपर्यंत पोहोचले. लिटल यांच्या कोष्टकात वेगळ्या म्हणून नोंदलेल्या दोन गाठी प्रत्यक्षात एकच आहेत, हे १९७४ मध्ये केनेथ पर्को यांनी दाखवीपर्यंत कोणाच्या ध्यानात आले नव्हते. पर्को हे व्यवसायाने वकील. गाठींचा सिद्धांत आज गणिताची स्वतंत्र शाखा असून डीएनएच्या गुंतागुंतीच्या अभ्यासातही तो वापरला जातो.

खुद्द गाठीचा भोवरा पाण्यात प्रत्यक्ष तयार करून दाखविण्यास २०१३ साल उजाडावे लागले. शिकागो विद्यापीठात क्लेकनर व अर्व्हिन यांनी त्रिमितीय मुद्रणाने घडविलेली वक्र पाती पाण्यातून वेगाने ओढली आणि सूक्ष्म बुडबुड्यांच्या साहाय्याने त्या गाठीचे चित्रण केले. केल्विन यांनी कल्पिलेल्या आदर्श द्रायूत ती गाठ चिरकाल टिकली असती. शिकागोच्या टाकीतील पाण्यात ती ताणली गेली, स्वतःलाच स्पर्श करून तुटली, नव्याने जोडली गेली आणि काही क्षणांतच सुटून तिची साधी, सुटी वलये झाली.